उंटावरचा बावटा

सकाळी मुकादमाने शेडचं दार उघडलं आणि त्याला खुंट्या दिसल्या. भिंतीला टेकवून नीट रचून ठेवलेल्या. लाल डोक्याच्या एकीकडे, निळ्या डोक्याच्या एकीकडे. मातीसुद्धा झटकलेली होती.

तो गवत कापायच्या यंत्राच्या सीटवर बसला. ओरडायचंही त्राण नव्हतं. ओरडून उपयोगही नव्हता. ज्याने हे केलं होतं त्याला ऐकू येत नव्हतं.

आदल्या दिवशी सर्वेवाले उन्हात घाम गाळून त्या खुंट्या उंटावर ठोकून गेले होते. ही दुसरी खेप. पहिल्या खेपेच्या खुंट्याही अशाच शेडमध्ये येऊन उभ्या राहिल्या होत्या.

उंट म्हणजे आठव्या होलच्या, म्हणजे गोल्फच्या आठव्या पट्ट्याच्या, मधोमध असलेला उंचवटा. नाव खेळाडूंच्या पिशव्या वाहणाऱ्या कॅडी लोकांनी ठेवलेलं. क्लब फार जुना. गोल्फचं हे मैदान आखलं तेव्हा माती हलवणारी यंत्रं नव्हती, त्यामुळे जमीन जशी होती तशीच घेतली गेली. खळगा असेल तिथे खळगा राहिला, चढ असेल तिथे चढ. आठव्या होलला खेळाडू उभा राहिला की त्याच्यासमोर हा उंट पाठ फुगवून बसलेला. चेंडू मारायचा तो त्याच्या पाठीवरून पलीकडे. पलीकडे तो कुठे पडला, हे मारणाऱ्याला कळायची सोय नाही.

म्हणून उंटावर एक माणूस उभा असायचा. हातात दोन बावटे, एक लाल, एक हिरवा. तो मुकादमाचा धाकटा भाऊ. क्लबात लहानथोर सगळे त्याला बावट्या म्हणायचे. ते नाव त्याने स्वतः कधी ऐकलं नव्हतं.

आता उंट कापायचं ठरलं होतं. उंट गेला की बावट्याची जागा गेली. ही गोष्ट त्याला सांगायचं काम मुकादमाचं होतं आणि ते त्याच्याच्याने होत नव्हतं.

मुकादम या मैदानावर आला तेव्हा मुकादम नव्हता. विळा घेऊन उकिडवा बसून कडेचं गवत कापणारा एक पोरगेला मजूर होता. आई होती तोवर धाकट्याचं मनगट आईच्या हातात असायचं. आई गेली आणि ते मनगट थोरल्याच्या हातात आलं. कुणी दिलं नाही. आलं. घरी एकटा ठेवावा तर हा रस्त्यावर जाणार, मागून येणारी गाडी कितीही भोंगा वाजवो. म्हणून थोरला त्याला कामावर आणू लागला. उंटावर बसवू लागला, कारण तिथे बसलेला माणूस मैदानात कुठूनही दिसायचा. गवत कापता कापता मान वर केली की भाऊ जागेवर आहे, एवढं कळायचं. बाकी काही विचार त्यात नव्हता.

वर बसलेल्या मुलाला सगळ्यांचे चेंडू पडताना दिसायचे. खाली लोक झुडपं तुडवत फिरायचे. एक दिवस त्याने नुसतं बोट केलं. चेंडू सापडला. मग दुसरा सापडला. क्लबच्या तेव्हाच्या कॅप्टनने दोन बावटे शिवून आणले आणि त्याच्या हातात दिले. खाली उतरताना कॅप्टन मुकादमाला म्हणाले, "तुझ्या भावाला नोकरी लागली."

चेंडू मोकळ्या जागी पडला की हिरवा बावटा खाली. झाडीत गेला की लाल बावटा त्या बाजूला आडवा. हरवलाच तर दोन्ही डोक्यावर, एकमेकांवर. पुढची मंडळी बाजूला झाली की हिरवा गोल फिरवायचा, म्हणजे मागच्यांनी खुशाल मारावं. एवढं त्याला शिकवलेलं. पुढचं त्याने स्वतःच्या पदरचं घातलं. फटका वाईट बसला तर तो डोक्याला हात लावायचा. फारच वाईट बसला तर बावटे तोंडावर घेऊन गवतात आडवा व्हायचा. एका बड्या वकिलांच्या फटक्यावर तो नेहमी आडवाच पडायचा. वकील चिडायचे नाहीत. "याच्या कोर्टात माझी केस उभीच राहत नाही," म्हणायचे आणि खालून त्याला टोपी काढून दाखवायचे. तोही वरून बावटा झुकवायचा.

वर असं होतं. खाली उतरला की जग त्याच्याशी बोलायचं थांबायचं. न्हावी मुकादमाला विचारायचा, "याचे केस कितपत ठेवू?" डॉक्टर विचारायचे, "याला कुठे दुखतंय?" दुकानदार विचारायचा, "याला बाह्या पुऱ्या हव्यात की अर्ध्या?" मुकादम उत्तरं द्यायचा. सुरुवातीला तो उत्तर द्यायच्या आधी भावाकडे बघायचा. पुढे बघायचं सुटलं. त्याला वाटायचं, आपल्याला माहीत आहे. बऱ्याचदा ते खरंही असायचं.

आणि तो दमायचा. हे तो कुणाला सांगत नसे, पण दोन माणसांचं बोलणं एका तोंडाने बोलून माणूस दमतो.

त्या दिवशी दुपारी सेक्रेटरीसाहेबांनी बोलावलं. ऑफिसात जुन्या सामन्यांचे फोटो होते. त्यांतल्या एकात उंट होता आणि त्याच्यापुढे ओळीने उभे असलेले मिशाळ पुरुष. मुकादम त्या फोटोकडे पाठ करून उभा राहिला.

"मुकादम, सर्वेवाले म्हणतात, तिसऱ्यांदा येणार नाही. मुद्दाम कुणीतरी त्रास देतंय, असं त्यांचं म्हणणं आहे. आणि नाव तुमचं घेतात."

"मी नाही साहेब. भाऊ उपटतो."

"का?"

"मीच शिकवलंय तसं. गवतात काहीही उभं दिसलं की उपटायचं आणि शेडमध्ये आणून ठेवायचं. काटकी, बाटली, काहीही. यंत्राच्या पात्यात अडकतं. सकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी तो सगळं फिरून बघतो."

सेक्रेटरीसाहेब हसू दाबत होते. मग त्यांनी चष्मा काढला.

"मग आता शिकवा की हे उपटायचं नाही."

"शिकवतो."

"त्याला सांगितलंय ना, उंट जाणार आहे ते?"

मुकादमाने पायाने पायपुसणं सरळ केलं.

"मुकादम! मीटिंग होऊन किती दिवस झाले?"

ती मीटिंग मुकादमाने दारात उभं राहून ऐकली होती. मोठी स्पर्धा घ्यायची होती. कॅमेरे लागणार होते आणि कॅमेऱ्यांना उंटापलीकडचं दिसत नव्हतं. खेळाडूंना घेऊन फिरणाऱ्या बॅटरीच्या गाड्या चढावर अडकत होत्या. एक तर उलटलीही होती. विरोधात एक म्हातारे डॉक्टर तेवढे उभे राहिले. म्हणाले, "ही जमीन कुणी घडवलेली नाही. जुन्या माणसांना ती अशी सापडली, आणि जशी आहे तशी खेळायची असं त्यांनी ठरवलं. आपण तिचं पत्त्यांचं टेबल करायला निघालोय." टाळ्या पडल्या. मग मतं पडली. टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी उंट कापायच्या बाजूने हात वर केला. त्यांचेही चेंडू हरवत होतेच.

"सांगतो साहेब," मुकादम म्हणाला.

"आणि हे बघा, त्याला आपण वाऱ्यावर सोडणार नाही. कपडे बदलायच्या खोलीत टॉवेल द्यायला माणूस हवाय. बसून काम. सावलीत. चालेल ना त्याला?"

"चालेल," मुकादम म्हणाला.

घरी बायको भाजी निवडत बसली होती. तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "म्हणजे आजही नाही सांगितलं."

"काम लागलंय त्याला. टॉवेल द्यायचं."

"कुणाला? भावजींना?" तिने निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकत्र केली. "अहो, तो माणूस दिवसभर आभाळाखाली उभा असतो. त्याला तुम्ही ओल्या टॉवेलांच्या खोलीत घालणार? तिथे खिडकी तरी आहे का?"

"झरोका आहे."

"मग काय, मज्जाच की. झरोक्यातून बावटे दाखवतील."

"तू टोमणे मारू नकोस. मी दमलोय."

"तुम्ही दमलाय हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे," ती म्हणाली. पण पाणी आणून दिलं. ग्लास त्याच्या हातात देऊन ती तिथेच उभी राहिली. "भावजींना विचारलंत, चालेल का म्हणून?"

"कसं विचारू?"

घरात खुणा होत्या. जेवण, पाणी, झोप, ताप, चल, थांब, छान, पुरे. उंटाचीसुद्धा खूण होती, तळवा पालथा धरून बोटं वाकवायची. पण उंट राहणार नाही, ही खूण कुणी केलेली नव्हती. तशी वेळच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने भावाला शेडमागे नेलं. तिथे हिरवळीवर पसरायच्या वाळूचा ढीग असतो. त्याने वाळूवर पाणी मारलं आणि हाताने एक उंचवटा केला. वर एक काटकी खोचली. बावट्याने ती बघितली आणि त्याचा चेहरा फुलला. त्याने काटकीकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे. मी! मग ती उपटून जरा डावीकडे लावली, कारण तो डावीकडे उभा राहायचा.

मुकादमाने तळहाताने उंचवटा सपाट केला.

बावट्याने त्याच्याकडे बघितलं. मग हसला, मोठ्या भावाला बोट नाचवून दाखवलं आणि पुन्हा उंचवटा केला. या वेळी चांगला केला. पलीकडचा उतार लांब, अलीकडचा आखूड, बरोबर तसाच.

मुकादमाने तो पुन्हा मोडला. बावट्याने पुन्हा केला. आता तो खेळात रंगला होता. तिसऱ्यांदा मुकादमाचा हात उठलाच नाही. त्याने पँटला वाळू पुसली. संध्याकाळी सर्वेवाले येऊन कुरकुरत खुंट्या ठोकून गेले, तेव्हा त्याने भावाचं मनगट धरलं, एकेका खुंटीपाशी नेलं आणि मान हलवली. नाही. हीही नाही. बावट्याला त्यातलं काही पटलं नाही, पण त्याने ऐकलं. सकाळी खुंट्या जागेवर होत्या. तो त्यांच्यामधून वाट काढत उंटावर चढला आणि दिवसभर त्यांच्याकडे संशयाने बघत उभा राहिला.

मग डोझर आला.

आठवा होल त्या दिवसापासून बंद होता. बंदची पाटी टीवर, म्हणजे चेंडू मारायच्या ओट्यावर, लावली होती; बावट्याला उंटावरून तिची कोरी पाठ तेवढी दिसत होती. तो खेळाडूंची वाट बघत होता. समोरून पिवळं धूड येताना दिसलं, तसा त्याने लाल बावटा उंच धरला.

मुकादम खाली झाडाशी उभा होता. वर जायला हवं, हे त्याला कळत होतं. पण तो गेला नाही. मागे दोघे कॅडी उभे होते.

"आता उडणार बघ बावट्या," एकजण म्हणाला.

"गप रे. मुकादम उभे आहेत."

डोझरवाला थांबला. खाली उतरला. जाडजूड, पिकल्या मिशांचा, कमरेला पट्टा आवळलेला माणूस. त्याचं उभं आयुष्य इंजिनाच्या आवाजात गेलं होतं आणि त्याचे कानही जवळजवळ गेल्यात जमा होते. त्याची माणसं त्याच्याशी हातांनीच बोलायची. त्यामुळे समोरचा तोंड का उघडत नाही, असा प्रश्न त्याला पडला नाही. त्याने उंटाकडे हात केला. मग स्वतःच्या यंत्राच्या पात्याकडे. मग उंटाच्या शेंड्यापासून बुडापर्यंत हात कापत आणला, माती उजवीकडच्या खळग्यात ढकलून दाखवली आणि शेवटी तळहात आडवा धरून हवेतून सरळ फिरवला.

मुकादमाला वाळूत जे दाखवता आलं नव्हतं ते त्याने एका श्वासात दाखवलं. हे दाखवताना त्याला काही वाटत नव्हतं, म्हणूनही असेल.

बावट्याने त्या आडव्या हाताकडे बघितलं. मग पायाखाली. मग खुंट्यांकडे, एकेक करून. मग वळून खाली झाडाशी उभ्या असलेल्या भावाकडे. त्याने दोन बोटं आपल्या डोळ्यांना लावली आणि भावाकडे रोखली. तू बघितलं होतंस? तुला ठाऊक होतं?

मुकादमाने मान डोलावली. हो.

बावटा खाली आला. बावट्या उंटावरून उतरला. भावाच्या अंगावरून गेला, पण थांबला नाही. शेडच्या पायरीवर जाऊन बसला. संध्याकाळी तो घरी आला तो भिंतीकडे तोंड करून झोपला. वहिनीने ताट आणून ठेवलं, तिला हातानेच नको म्हणाला. मुकादमही जेवला नाही. बायको दोघांच्या मधे बसून एकटी जेवली आणि कुणाला तरी ऐकवावं म्हणून म्हणाली, "एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला बोलता येत नाही. बरी जोडी आहे."

दुसरा दिवसही तसाच गेला. डोझर उंटाची वरची गवताची कातडी सोलून गुंडाळ्या करून ठेवत होता. बावट्या पायरीवर बसून बघत होता.

तिसऱ्या दिवशी मुकादम दुसऱ्या टोकाला पाण्याच्या नळीचा गळका सांधा बदलत होता. मान वर केली तर पायरी रिकामी. पाना तिथेच टाकून तो धापा टाकत आठव्याकडे आला.

बावट्या डोझरच्या पुढे होता. पुढे आणि जरा बाजूला, जिथून त्याला पातंही दिसत होतं आणि पलीकडचा उतारही. डोझरवाल्याला चढावरून पलीकडचं काही दिसत नव्हतं, आणि पलीकडे पाण्याची जुनी नळी होती, झाड होतं, माणसांची पायवाट होती. अशा वेळी कुणीतरी दिसेल अशा जागी उभं राहून हाताने सांगावं लागतं. डोझरवाल्याचा नेहमीचा माणूस तापाने पडला होता. त्याने पायरीवरच्या माणसाला हात केला होता. एवढंच झालं होतं.

आणि बावट्या सांगत होता. ये. ये. हळू. थोडं डावीकडे. पातं वर. थांब. त्याच्या हातात बावटे होते, आणि डोझर त्या बावट्यांमागे पाळीव जनावरासारखा चालत होता. उंटाच्या पाठीचा एक लचका निघाला आणि खळग्यात कोसळला. धूळ उठली. धुळीतून हिरवा बावटा गोल फिरला.

"बघा," कॅडी म्हणाला. "स्वतःचाच उंट कापतोय. याला कळतंय तरी का?"

"तुला कळतं तेवढं त्यालाही कळतं," मुकादम म्हणाला. "कामाला लाग."

आवाज चढला होता. कॅडी निघून गेला. मुकादम मात्र तिथून हलला नाही. भावाला कळतंय की नाही, हे त्यालाही माहीत नव्हतं. आजवर असं कुणी विचारलं असतं तर त्याने लगेच उत्तर दिलं असतं.

काम पुढे कितीतरी दिवस चाललं. नेहमीचा माणूस बरा होऊन आला, पण डोझरवाल्याने त्याला दुसऱ्या यंत्रापाशी लावलं. बावट्या धुळीने माखून घरी यायचा, पोटभर जेवायचा, पडल्या पडल्या झोपायचा. भावावरचा राग निवळल्यासारखा वाटत होता. किंवा राग धरून बसायला त्याला सवड नव्हती. आणि त्याच्या हातांत नवीन खुणा आल्या होत्या. मूठ वळून अंगठा फिरवायचा. कोपर मोडून हात झटकायचा. दोन तळवे एकमेकांवर घासायचे. जेवताना तो भराभर काहीतरी सांगायचा आणि मुकादम घास हातात घेऊन बघत राहायचा.

"काय म्हणतोय?"

"इंजिन तापलं होतं म्हणतात," बायको सांगायची. "पाणी घातलं, मग झालं चालू."

"तुला कसं कळलं?"

"बघितलं तर कळतं."

मुकादम मान खाली घालून जेवायचा. एवढ्या वर्षांत भाऊ काहीतरी बोलतोय आणि आपल्याला ते दुसऱ्याला विचारावं लागतंय, असं कधी झालं नव्हतं. ओझं हलकं झाल्यावर माणसाला बरं वाटायला हवं. त्याला रिकामं वाटत होतं, आणि रिकामं असूनही थकवा जात नव्हता.

उंट गेला. त्या जागी आधी मातीचं पटांगण दिसू लागलं. मग त्यावर गवताच्या गुंडाळ्या पसरल्या. टीवर उभं राहिलं की आता थेट पलीकडचं निशाण दिसत होतं. सेक्रेटरीसाहेब पाहून गेले. वकीलही आले. समोर बघून म्हणाले, "आता चेंडू कुठे गेला हे मलाच दिसणार. कठीण आहे."

डोझर ट्रेलरवर चढवायच्या दिवशी डोझरवाला शेडपाशी आला.

"मुकादम, तुमच्या भावाला नेतो म्हणतो," तो मोठ्याने म्हणाला. तो सगळंच मोठ्याने बोलायचा. "डोंगरातल्या रस्त्याचं काम आहे. वर्षभर तरी चालेल. राहायची सोय आहे. माझ्याच खोलीत राहील."

"नाही जमायचं," मुकादम म्हणाला. शब्द आपोआप आले. "त्याचं इथं ठरलंय. सोमवारपासून."

"काय?"

"नाही जमायचं म्हटलं!"

"अहो, मी परवानगी मागत नाहीये. त्याला विचारलं मी. हो म्हणाला. तुम्ही थोरले, म्हणून तुमच्या कानावर घालतोय."

"हो म्हणाला हे तुम्हाला कसं कळलं?"

डोझरवाल्याने त्याच्याकडे असं बघितलं, की हाही काय प्रश्न झाला.

"हो म्हटल्यावर कळतं की," तो म्हणाला.

मुकादम घरी आला तेव्हा खाटेवर पिशवी उघडी होती. बायको दिराचे कपडे घडी करून देत होती आणि तो ते पिशवीत रचत होता. शर्ट एकीकडे, पँट एकीकडे. बायकोने नवऱ्याकडे बघितलं आणि काही न बोलता आत गेली. एरवी ती असं करत नसे.

मुकादम खाटेच्या कडेला बसला. त्याला सांगायचं होतं की रस्त्याच्या कामावर दगड घसरतात. मागून ट्रक येतात. ताप आला तर तुझं कोण ऐकेल. पण हे सगळं सांगणं झालं. विचारणं नव्हे. आणि विचारायचं कसं, हे अजूनही त्याला माहीत नव्हतं. त्याने भावाकडे बोट केलं. दाराबाहेर, रस्त्याच्या दिशेने हात केला. मग दोन्ही तळवे उघडे करून तसेच धरून ठेवले. पुढे काही केलं नाही. वाट बघितली.

बावट्याच्या हातातला शर्ट तसाच राहिला. भाऊ हात उघडे धरून बसलाय आणि स्वतःच उत्तर देत नाहीये, हे त्याला नवीन होतं. त्याने शर्ट खाली ठेवला.

त्याने हळूहळू सांगितलं. मुकादमाला कळावं म्हणून जुन्याच खुणांनी. आडवा हात, सपाट. त्यावर दोन बोटं उभी, म्हणजे तो स्वतः. मान हलवली. तिथे नको. मग टॉवेल झटकल्यासारखं केलं आणि नाक धरलं. म्हणजे तेही त्याला कुणीतरी सांगितलं होतं. सांगणारी आत भांडी घासत होती, एरवीपेक्षा जरा जास्तच आवाज करत. मग त्याने दूरवर हात नेला आणि हवेत उंचवटे काढले. एक, त्यामागे एक, त्यामागे आणखी. उंटच उंट. त्यांच्यावर दोन बोटं उभी.

तेही कापायचेच आहेत रे, मुकादमाच्या मनात आलं. पण ते भावाला ठाऊक होतं. त्याच्याएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटी बावट्याने भावाकडे बोट केलं, गाल तळहातावर टेकवला आणि डोळे मिटले. तू झोप आता. डोळे उघडून त्याने बघितलं, कळलं का. मग शर्ट उचलला.

सकाळी ट्रेलर गेला. मुकादम फाटकापर्यंत गेला होता. बावट्या ट्रकच्या पुढच्या सीटवर उंच बसला होता. दोघांनी हात केले नाहीत. नुसतं बघितलं.

परत येताना तो आठव्यावरून आला. सपाट जमिनीवर रात्रीच्या फवाऱ्याचं पाणी साचून राहिलं होतं. उतार होता तेव्हा ते आपलं आपण निघून जायचं. आता गवताला टोचे मारून जिरवावं लागणार होतं आणि हे काम रोजचं होणार, हे त्याला दिसत होतं. त्याने शेडमधून टोच्यांचं अवजार आणलं. पाय ठेवून दाबायचं, काढायचं, पाऊलभर सरकायचं, पुन्हा दाबायचं. कंबर पहिल्या ओळीतच बोलायला लागली.

सेक्रेटरीसाहेब कोपऱ्यावरून येताना दिसले. पाण्यात बूट भिजू नयेत म्हणून जरा लांबच थांबले.

"मुकादम, बावट्याचा सोमवार पक्का ना? टॉवेलवाला जुना माणूस उद्या काम सोडतोय."

"नाही येणार तो साहेब."

"का? तुम्हीच तर म्हणालात चालेल म्हणून."

"मी म्हणालो होतो. त्याला विचारलं काल. नाही म्हणाला."

"म्हणाला?"

"हो," मुकादम म्हणाला. "म्हणाला." आणि त्याने पुढच्या टोच्यासाठी अवजारावर पाय ठेवला.